तलावातलं कासव

"बायकांच्या केसांनी मारलं ह्याला," तात्या म्हणाले.

आम्ही तलावाच्या काठावर उभे होतो. खाली पाण्यात कासव एका जागी गरगर फिरत होतं, घाण्याला जुंपल्यासारखं. चार-दोन गिरक्या झाल्या की ते थबकायचं आणि काठावरच्या वीजपुरवठ्याच्या पेटीवरचा हिरवा दिवा लाल व्हायचा. इकबालभाई बटण बंद करून पुन्हा चालू करायचे. पुन्हा गिरक्या, पुन्हा लाल दिवा.

कासव हे नाव मी पोहायला शिकवायचे त्या बॅचमधल्या बायकांनी ठेवलेलं. खरं तर तो तलाव साफ करणारा रोबो होता. दोन्ही बाजूंना रणगाड्यासारखे रबरी पट्टे, पोटात गाळ ओढून घेणारा पंखा आणि गाळणी, मागे शेपटीसारखी लांब निळी केबल. शेवटची बॅच बाहेर पडली की तलावाचे ऑपरेटर इकबालभाई मुजावर त्याला पाण्यात सोडत, आणि ते आपलं आपण तळ घासत, भिंतीवर चढत-उतरत काम करत राही. सकाळी तळाची एकेक फरशी वरून मोजता यायची.

कलगोंडा हेरवाडे हे तलाव चालवणाऱ्या आमच्या मंडळाचे चेअरमन. इचलकरंजीत त्यांना सगळे तात्याच म्हणत. मोठे यंत्रमाग कारखानदार. पहाटे आपल्या शेडमधून एक फेरी मारायची, मागावरच्या कापडाच्या किनारीचा धागा ओढून ताण बघायचा आणि तिथून तडक तलावावर पहिल्या बॅचला यायचं, हा त्यांचा नेम. ओढलेला धागा ते कधी टाकत नसत. बोलता बोलता करंगळीला गुंडाळत राहायचे. त्या दुपारीही त्यांच्या करंगळीवर पोपटी धागा फिरत होता.

"इंजिनियर काय म्हणाला?" मी विचारलं.

"काय म्हणणार? पुण्यासनं आला, बघितलं, म्हणाला चाकाकडची अख्खी असेंब्ली बदला. नव्या मशीनच्या निम्म्याच्या वर पैसे. मला विचारतोय, हितं लेडीज बॅच हाय का? म्हटलं हाय. म्हणाला, मग केसच असणार, बऱ्याच ठिकाणी तेच सापडतंय."

"माझ्या बॅचमध्ये टोपीशिवाय कुणी पाण्यात उतरत नाही, तात्या."

"टोपीत केस गळत न्हाईत व्हय?"

"गळतात. पण टोपीतच राहतात."

इकबालभाईंना एकदम खोकला आला. ते पाठ करून केबल गुंडाळायला लागले.

तात्यांनी आवाज खाली आणला. ते वाईट माणूस नव्हते, हिशोबी होते. "मॅडम, तुम्हीच बघा. रोबो न्हाई म्हटल्यावर इकबालला हातानं व्हॅक्यूम मारायला लागणार. त्याला पाणी निवांत पाहिजे, उजेड पाहिजे. सकाळी जेंट्स बॅच, संध्याकाळी पोरांचं कोचिंग. मधली दुपार तेवढी उरतीया."

मधली दुपार म्हणजे माझी बॅच.

"किती दिवस?"

"नवं मशीन येईस्तोवर."

"नवं कधी येणार?"

तात्यांनी आभाळाकडं बघितलं.

ती बॅच म्हणजे काय होतं, हे इथं सांगायला हवं. मी शिरोळकडची, कृष्णेच्या पाण्यात पोहायला शिकलेली. लग्न होऊन या गावात आले तेव्हा तलावावर बायकांसाठी वेळच नव्हती. मंडळाला अर्ज करून दमले, तेव्हा कुठं दुपारचा एक तास मिळाला, तोही बायका येणार नाहीत या खात्रीनं दिलेला. मग मी घरोघर गेले. सासवांशी बोलले, नवऱ्यांशी बोलले, कुंपणाला हिरवं कापड बांधून घेतलं. पहिल्या महिन्यात तिघीच होत्या. त्या दुपारी, कासव गरगरत होतं तेव्हा, कपडे बदलायच्या खोलीत जागा पुरत नव्हती. आणि एकदा बंद पडलेली बॅच पुन्हा सुरू होत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. घरचे म्हणणार, झालं की शिकून, आता कशाला.

"तात्या, मशीन उघडून बघितलं का कुणी?"

मागून, बॅच संपवून निघालेल्या पद्माक्का बोलल्या. ओल्या सलवार-कमीजवर टॉवेल, डोक्याला अजून लाल टोपी, चष्मा हातात. पद्मावती चौगुले, पन्नाशी ओलांडलेल्या. नवरा गेल्यावर बारा माग त्यांनी स्वतः चालवले. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं म्हणून माझ्याकडे आल्या आणि पहिला महिनाभर काठाचा दांडा सोडायला तयार नव्हत्या.

"सीलबंद हाय ते, अक्का," तात्या म्हणाले.

"म्हणजे न्हाई उघडलं."

"कंपनीचा इंजिनियर न उघडता सांगतोय म्हणजे—"

"माझा माग बंद पडला आन् दुरुस्तीला आलेला जॉबर न उघडताच म्हणाला नवा आणा, तर मी माग आणत न्हाई तात्या, जॉबर नवा आणते."

तात्या हसले. मागांची गोष्ट निघाली की ते हसायचेच. तेवढ्यात मी बोलून टाकलं, "पुढच्या बैठकीपर्यंत हे आम्हाला द्या. चाललं, तर दुपारची बॅच राहणार."

"आणि न्हाई चाललं तर?"

"तर मी स्वतः प्रत्येकीला सांगीन, उद्यापासून येऊ नका म्हणून. तुमच्यावर बोल येणार नाही."

तात्यांनी करंगळीवरचा धागा एक वेढा उलटा फिरवला. "न्या. नाहीतर भंगारातच जायचंय. पण आधीच सांगतो, मंडळाचा रुपाया मिळणार न्हाई."

"मागितला कुणी?" पद्माक्का म्हणाल्या.

कासव आम्ही रिक्षातून नेलं. ते आमच्या दोघींच्या मांडीवर, केबलची गुंडाळी आणि वीजपुरवठ्याची पेटी पायात. पोटातलं पाणी सगळ्या रिक्षाभर ठिबकत होतं. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा बघितलं आणि शेवटी विचारलंच, "मावशी, ह्ये काय जिवंत हाय?"

"ते बघायलाच चाललोय," पद्माक्का म्हणाल्या.

त्यांच्या शेडमध्ये माग चालू असले की बोलणं ओठांवरून वाचावं लागे. खडखडाटात मला काहीच कळेना. मग त्यांनी मागच्या बाजूला, पाण्याच्या हौदाशेजारी, पत्र्याखाली एक बाकडं मोकळं केलं आणि कासवाला त्यावर उताणं घातलं.

मला वाटलं होतं, त्या लगेच स्क्रू काढायला घेतील. त्यांनी साडीचा पदर खोचला, स्टूल ओढलं आणि बसून राहिल्या.

"काय झालं, अक्का?"

"वैजू, पैसे वाचवायचे तर काय बिघडलंय ते मागनं शोधायचं. काय बिघडलेलं न्हाई ते आधी. माणूस घाबरला की सगळंच बदलतंय."

म्हणून आम्ही बिघडलेलं नाही ते शोधायला लागलो. दुसऱ्या दिवशी इकबालभाई जेवणाच्या सुट्टीत मीटर घेऊन आले. वीजपुरवठ्याच्या पेटीतून जेवढा दाब यायला हवा तेवढा येत होता. म्हणजे पेटी चांगली. मग केबलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक तार तपासली आणि तपासताना पद्माक्कांनी मला सबंध केबल हातानं वाकवत न्यायला लावली, कुठं आतून तुटली असेल तर वाकवल्यावर कळावं म्हणून. केबल चांगली. पोटाची झाकणी काढली. पंखा बोटानं फिरवला, सहज फिरला. त्यात एक केस होता. एकच, आखूड आणि पांढरा.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

इकबालभाईंनी टोपी काढून आपलं टक्कल दाखवलं. "माझा न्हाई, मॅडम."

मोटरचा सीलबंद डबा बाहेरून कोरडा, जोडावर कुठं पाण्याचा डाग नाही. तो उघडायचा नाही, असं पद्माक्कांनी तिथंच ठरवलं. "चांगल्या गोष्टीला हात लावला की ती आपली जबाबदारी हुती," म्हणाल्या. राहिले रबरी पट्टे. डावीकडचा पट्टा हातानं ढकलला तर फिरत होता. उजवीकडचा दोघींनी मिळून ओढला तरी हलेना.

मग स्क्रू निघाले. बाजूचं आवरण निघालं, पट्टा निघाला, मागलं चाक निघालं. आणि चाकाच्या मागे आसावर जे होतं ते बघायला मी आणखी जवळ वाकले.

केस नव्हते. सूत होतं. आसावर सुताचा घट्ट, गुळगुळीत, लोण्यासारखा पांढरा गोळा बसला होता, मध्ये मध्ये कापसाची पिंज दाबून भरलेली. एवढं नीट गुंडाळलेलं की मुद्दाम कुणी बसून भरलं असावं.

"कांडी भरलीया की गं ह्यानं," पद्माक्का म्हणाल्या. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची कांडी. "माझ्या मशीनवर सुद्धा इतकी घट्ट भरत न्हाई."

कळायला वेळ लागला नाही. सकाळची बॅच म्हणजे रात्रपाळी सुटलेले कामगार, पहाटे शेड बघून आलेले मालक, दिवाणजी, जॉबर. अंगावर, केसांत, भुवयांवर पिंज असायचीच. या गावात ती कुणाला दिसतही नाही. शॉवर होता, पण तो सर्दी होईल म्हणून कुणी उघडत नसे. सरळ उडी. रात्रभराची पिंज पाण्यात सुटली की अंगाला काय बरं वाटतं, असं मीच कितीदा ऐकलं होतं. ती सगळी तळाला जायची आणि कासव ती वेचायचं. गाळणीत गेली ती गेली. उरलेली आसाला.

पद्माक्का सुताचं टोक शोधत होत्या. सापडल्यावर त्यांनी सावकाश उलगडायला सुरुवात केली. पांढरं, पांढरं, मळकं पांढरं. मग मध्येच पोपटी. बराच वेळ नुसतं पोपटी.

इकबालभाई म्हणाले, "अरे बाप रे." आणि लगेच, "मी येतो मॅडम, सुट्टी संपली." आणि गेले.

आमच्या गावात बरेच कारखानदार किनारीला आपला एक रंगीत धागा घालतात. बाजारात तागा उलगडला की किनारीवरून माल कुणाचा ते कळतं. पोपटी कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. त्या करंगळीवरून तो रोज सकाळी पाण्यात उतरत होता.

माझ्या डोक्यात बैठक उभी राहिली. सगळे सभासद, टेबल, आणि टेबलावर हा गोळा. मी म्हणणार, हे घ्या बायकांचे केस. एकेकाचं तोंड बघणार.

"अक्का, हे असंच ठेवूया. बैठकीत दाखवते."

"दाखव की." त्या उलगडतच होत्या. "तात्याला हरवायचंय का बॅच ठिवायचीय?"

"दोन्ही."

"दोन्ही व्हायचं न्हाई. चारचौघात तोंड पडलं की तात्या बॅच बंद करंल, आन् कारण दुसरंच सांगंल. पाण्याची टंचाई सांगंल, लाईटबिल सांगंल. त्याला मी ओळखते, आमच्या सोयरिकीतलाच हाय." मग एक पांढरा तुकडा उजेडात धरून त्यांनी पिरगळून बघितला. "आन् ह्यो बघ. ह्यो माझ्या शेडमधला असंल. माझी माणसं पण जात्यात की सकाळी."

मला तेव्हा ते पटलं नाही. पण आधी मशीन चालायला हवं होतं, हे पटलं.

सूत निघाल्यावर खरा बिघाड दिसला. आस ज्यात फिरतो तो बुश, प्लॅस्टिकचं बांगडीएवढंही नाही असं एक कडं, सुतानं दाबून दाबून फुटलं होतं. आस तिरका बसत होता आणि चाक अडकत होतं. उजवी बाजू उभी, डावी चालू, म्हणून गिरक्या. अडकलेली मोटर जास्त वीज ओढायची, म्हणून लाल दिवा. पट्ट्याचं रबरही एका जागी कातरलं होतं.

मी पुण्याला फोन लावला. इंजिनियर भला मुलगा होता. "मॅडम, पट्टा सुटा मिळेल, पाठवतो. बुश सुटा मिळत नाही, असेंब्लीबरोबरच येतो. मी काही करू शकत नाही."

"एवढ्याशा कड्यासाठी अख्खी असेंब्ली?"

"हो ना," तो म्हणाला, आणि त्याचाही आवाज पडला.

पद्माक्कांनी फुटलेले तुकडे तळहातावर जुळवून बघितले. मग शेडमध्ये गेल्या आणि हातात एक झिजलेला पिकर घेऊन आल्या. पिकर म्हणजे मागावर धोट्याला टोला देणारा ठोकळा, नायलॉनचा. दिवसभर टोले खातो आणि महिनोन्‌महिने टिकतो. एका बाजूनं झिजला की फेकतात; त्यांच्या शेडच्या कोपऱ्यात त्याची पाटी भरून पडली होती.

"ह्यातनं काढूया," म्हणाल्या.

शेजारच्या गल्लीतल्या लेथवर त्यांनी स्वतः उभं राहून तो बुश कातून घेतला. लेथवाला म्हणाला, थोडा ढिला ठेवू का? त्या म्हणाल्या, ढिला आस म्हणजे माग खिळखिळा, चपखल कर. कड्यात आस असा बसला की बघत राहावं. पुण्याहून पट्टा आला. सगळं परत जोडलं आणि कासवाला शेडमागच्या हौदात सोडलं.

ते सरळ गेलं. भिंतीला नाक लावलं, वळलं, सरळ परत आलं. मी टाळी वाजवली. पद्माक्कांनी कांडीमशीनवरच्या बायकांना बोलावून दाखवलं. त्या रात्री मी नीट झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी कासव हौदात गरगर फिरत होतं. थबकलं. लाल दिवा.

पद्माक्का इतक्या रागावलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. मशीनवर नव्हे, स्वतःवर. पुन्हा सगळं उघडलं. सूत नव्हतं, केस नव्हता, तुटलेलं काही नव्हतं. आस मात्र बुशमधून निघेना. काल चपखल बसलेला आज चिकटल्यासारखा.

"मापात चूक न्हाई," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "काल बरोबर हुतं. काल बरोबर हुतं."

"काल कोरडा होता," मी म्हणाले.

ते मला कुठून सुचलं ते सांगते. तलावात लेन पाडायच्या दोऱ्या नायलॉनच्या. त्यांच्या गाठी कोरड्या असताना बोटानं सुटतात. चार दिवस पाण्यात राहिल्या की दात लावले तरी सुटत नाहीत, दोरी फुगते. दर शनिवारी त्या गाठींनी माझी नखं गेली होती. नायलॉन पाणी पितो, हे मला पुस्तकातून नव्हे, नखांतून माहीत होतं.

पद्माक्कांनी माझ्याकडं बघितलं. मग कपाळावर हात मारला. "मागाला तेल असतंय गं. पाणी कुठलं? तीस वर्षं कातलं ते सगळं कोरड्यासाठी कातलं." जरा थांबल्या. "पूर्वी कातड्याचे पिकर तेलात मुरवायचे आमचे सासरे. मुरल्याबिगर मागावर चढवायचे न्हाईत."

"मग हा पाण्यात मुरवूया."

"आन् मुरल्यावर कातायचा. फुगायचा तेवढा आधी फुगू दे लेकाला."

दुसऱ्या पिकरचा जाडसर तुकडा कापला आणि त्यांच्या न्हाणीघरातल्या बंबात, कढत पाण्यात टाकला. घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी त्या बंबातल्या पाण्यानं होत होत्या. त्यांच्या सुनेनं मला विचारलं, "मॅडम, हे शिजलं की वाढायचं कुणाला?" बैठक जवळ येत होती आणि मी रोज बॅच घेत होते, रोज बायका विचारत होत्या, कासव कसं आहे? मी म्हणायचे, बरं आहे, पथ्यावर आहे. त्यांना माहीत नव्हतं की ते बरं झालं नाही तर मला त्यांच्याशी काय बोलावं लागणार आहे. मी वाक्यं जुळवून बघितली होती. एकही जुळलं नव्हतं.

मुरलेला तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून लेथवर नेला. या वेळी पद्माक्का म्हणाल्या, "केसभर ढिला ठेव." आणि मग माझ्याकडं बघून, "केसभरच."

तो बुश आज माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. पुढं बऱ्याच वर्षांनी मंडळानं नवं मशीन घेतलं, तेव्हा इकबालभाईंनी जुन्यातून तो काढून मला आणून दिला. पिवळट, गुळगुळीत, अजून गोल.

या वेळी हौदात कासव एक रात्र, एक दिवस आणि पुन्हा एक रात्र ठेवलं. चालत राहिलं. मग बैठकीच्या दिवशी, दुपारच्या बॅचच्या वेळी, ते तलावावर आणलं. तात्यांना आधी निरोप पाठवला होता. बायकांनी त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही, काठावर बसून बघायचं, असं मी सांगितलं होतं. कपडे बदलून, टोप्या घालून सगळ्या ओळीनं बसल्या. लाल, निळ्या, पिवळ्या टोप्या.

तात्या आले. बायकांची बॅच भरलेली असताना ते कुंपणाच्या आत पहिल्यांदाच येत होते, दारातच अवघडले. "येऊ का?" म्हणाले. "या की," पद्माक्का म्हणाल्या, जणू तलाव त्यांच्या घरचा.

इकबालभाईंनी कासव पाण्यात सोडलं. बुडबुडे काढत ते तळाशी गेलं. हिरवा दिवा. क्षणभर हललं नाही. मग निघालं. सरळ, अगदी दोरी आखल्यासारखं, खोल बाजूकडं. समोरच्या भिंतीवर चढलं, पाण्याच्या रेषेपर्यंत आलं, पाठ बाहेर काढून रेष घासली आणि परत खाली उतरलं. कुणीतरी शिट्टी मारली. पुढं कितीदा विचारूनही ती कोण हे कुणी सांगितलं नाही.

तात्या काठाकाठानं त्याच्या मागून चालत गेले. त्या टोकापर्यंत, आणि परत. एकदा वाकून बघितलं. त्यांना यंत्र कळत होतं. चालण्यातला फरक त्यांना दिसला.

"आधी उजवीकडं जरा ओढायचं," म्हणाले. "नवं हुतं तवासुद्धा. आता ओढत न्हाई. काय बसवलं?"

"पिकर," पद्माक्का म्हणाल्या.

"पिकर?"

"झिजलेला. माझ्या पाटीतला."

तात्या आधी हसले, मग हसू थांबवून पुन्हा पाण्याकडं बघितलं. "मंडळाला किती लागलं?"

"तुम्ही रुपाया न्हाई म्हणाला हुता. रुपाया लागला न्हाई."

मग पद्माक्कांनी पिशवीत हात घातला. मला माहीत होतं काय निघणार, कारण आदल्या संध्याकाळी मी त्यांना ते भरताना बघितलं होतं. एक लाकडी कांडी. तिच्यावर आसातून निघालेलं सूत त्यांनी स्वतःच्या हातानं, वेढ्याला वेढा लावून भरलं होतं. आत पांढरं. वर सगळं पोपटी.

"हे आतनं निघालं, तात्या. सूत वाया घालवू नये म्हणून कांडीवर घेतलं. तुमच्याकडं ठेवा."

आवाज चढवला नाही, बायकांकडं बघितलं नाही. शेजारणीला विरजण द्यावं तशी दिली.

तात्यांनी कांडी घेतली. अंगठ्यानं सूत चाचपलं. त्यांच्या करंगळीवर सकाळचा पोपटी धागा होता. त्यांनी कांडीकडं बघितलं, करंगळीकडं बघितलं. कासव पुन्हा भिंतीपाशी पोचलं, चढलं, उतरलं.

त्यांनी कांडी कोटाच्या खिशात घातली.

"बैठकीत विषय घ्यायचा ना?" मी विचारलं. "दुपारच्या बॅचचा?"

"कुठला विषय?" तात्या म्हणाले. "बॅच चालूच हाय की. काठावर काय बसवलंय बायकांना? उतरा म्हणावं."

पहिली उडी पद्माक्कांनी मारली. खोल बाजूला. ज्या बाईनं महिनाभर दांडा सोडला नव्हता, ती सरळ कासवाच्या डोक्यावरून पलीकडं गेली. इकबालभाई ओरडले, "अक्का, मशीन! आधी मशीन भाईर काढूद्या!"

पुढच्या सोमवारी सकाळी, मी डबे भरत असताना इकबालभाईंचा फोन आला. "मॅडम, जरा येऊन जावा. तात्या बोलवत्यात."

"आता? जेंट्स बॅच आहे ना?"

"म्हणूनच."

गेले. सकाळच्या बॅचला मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दारावर नवी पाटी होती, रंग अजून ओला: शॉवर घेतल्याशिवाय व टोपी घातल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरू नये. खाली चेअरमनची सही. आत काठावर सगळे टॉवेल गुंडाळून उभे, पाण्यात एकही नाही. एक टकला गृहस्थ भांडत होता, "तात्या, मला टोपी कशाला? माझं काय गळणार हाय?"

"पिंज," तात्या म्हणाले.

ते पायरीवर बसले होते. पायाशी रबरी टोप्यांची दोन फाटलेली कातडी पडलेली, हातात तिसरी, पिवळी. ती त्यांनी दोन्ही हातांनी ताणली, डोक्यावर टेकवली, आणि ती सटकून लांब पाण्यात पडली. कुणी हसलं नाही. कुणाची हिंमत नव्हती.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळ्या बॅचनं बघितलं.

"मॅडम," ते म्हणाले, "ही कशी घालत्यात?"

"आधी डोकं ओलं करावं लागतं, तात्या," मी म्हणाले. "शॉवर तिकडं आहे."

तात्या उठले. करंगळीवरचा धागा सोडवला, इकबालभाईंच्या हातात दिला, आणि शॉवरकडं निघाले. त्यांच्यामागं अख्खी सकाळची बॅच.